वाचकांचे प्रश्न : बिशप नसलेल्या मंडळीत जाब कोणाला विचारायचा?

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संघ असून त्याचे सुमारे सव्वा कोटी सभासद आहेत. या संघात सुधारणा आणि नेतृत्व यांवरून चाललेल्या वादाचे टिपण या सदरात पूर्वी आले होते. त्यावर पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली आहेत. काही प्रश्न अमेरिकेतील घडामोडींविषयी आहेत, तर काही आपल्याच मंडळ्यांविषयी, म्हणजे स्थानिक चर्चविषयी. परंतु मंडळी स्वतंत्र असेल तर तिने उत्तर कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : आम्हांला लहानपणापासून शिकवले गेले की बॅप्टिस्ट मंडळीवर बाहेरच्या कोणाचीही सत्ता नसते. बिशप नाही, सिनड म्हणजे मंडळ्यांवरची अधिकारसभा नाही. सभासदांची सभा ठरवील ते शेवटचे. मग अमेरिकेत एका गटाने सारा संघच ताब्यात घेतला असे जे लिहिले जाते, ते कसे घडू शकले?
(एक निवृत्त शिक्षक, खडकी)

उत्तर : आपल्याला शिकवले ते बरोबर आहे, मात्र मंडळीच्या आवाराबाहेर काय चालते ते त्यात आलेले नाही. बॅप्टिस्ट परंपरेची सुरुवात १६०९ च्या सुमारास, ॲम्स्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या इंग्रज विश्वासणाऱ्यांच्या एका लहानशा गटातून झाली. जॉन स्मिथ हे त्यांचे पुढारी होते. त्यांच्यापैकी थॉमस हेल्विस काही सोबत्यांसह मायदेशी परतले आणि १६१२ च्या सुमारास त्यांनी लंडनजवळ मंडळी स्थापन केली. राजा हा मर्त्य मनुष्य आहे, त्यामुळे प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याचा अधिकार चालत नाही, असे त्यांनी खुद्द राजा जेम्स याला लिहून कळवले. त्यासाठी त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात जावे लागले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांची सभा हीच मंडळीचा निर्णय करील, ही भूमिका अशी छळातून तावून सुलाखून निघालेली आहे आणि ती मला आजही मोलाची वाटते.

पण एकट्या मंडळीला परदेशी मिशनरी पाठवता येत नाहीत, पाळक तयार करणारी सेमिनरी चालवता येत नाही. त्यासाठी मंडळ्या एकत्र येतात, वर्गणी काढतात आणि संघ उभा राहतो. सदर्न बॅप्टिस्टांचा संघ १८४५ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे स्थापन झाला, आणि त्यामागचे कारण लपवण्यात अर्थ नाही: गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमण्यास उत्तरेकडील बॅप्टिस्टांची तयारी नव्हती, म्हणून दक्षिणेकडील मंडळ्या वेगळ्या झाल्या. पुढे १९२५ पासून सर्व मंडळ्यांच्या देणग्यांचा वाटा एका सामाईक निधीत जमा होऊ लागला. त्या निधीवर सेमिनऱ्या आणि मिशन बोर्डे वाढली. पैसा आणि पदे मंडळीबाहेर, संघाच्या संस्थांमध्ये साठू लागली.

संघाला एखाद्या मंडळीवर हुकूम चालवता येत नाही. परंतु संघाच्या संस्थांवर कोणीतरी विश्वस्त नेमावेच लागतात. त्या नेमणुकीची साखळी नीट पाहावी. मंडळ्यांनी पाठवलेले प्रतिनिधी वार्षिक अधिवेशनात अध्यक्ष निवडतात. अध्यक्ष एक समिती नेमतो. ती समिती नामनिर्देशन करणाऱ्या दुसऱ्या समितीसाठी नावे सुचवते, आणि ही दुसरी समिती विश्वस्तपदासाठीची नावे पुढील अधिवेशनापुढे ठेवते. ती बहुधा जशीच्या तशी मंजूर होतात. अध्यक्षाची मुदत एक वर्षाची असते आणि लागोपाठ दोनदाच निवडून येता येते, त्यामुळे हे पद वरवर पाहता मानाचे वाटते. पवित्र शास्त्र पूर्णपणे निर्दोष मानणाऱ्या कर्मठ गटाचे पुढारी, न्यायाधीश पॉल प्रेसलर आणि धर्मशिक्षक पेज पॅटरसन, यांनी मात्र हेरले की आपल्या विचाराचा अध्यक्ष सलग दहा वर्षे निवडून आला, तर प्रत्येक संस्थेच्या विश्वस्त मंडळात बहुमत आपोआप बदलेल. १९७९ मध्ये ह्यूस्टन येथे मेम्फिसचे पाळक एड्रियन रॉजर्स पहिल्याच फेरीत निवडून आले आणि त्यानंतर त्या गटाने एकही अध्यक्षपद हातचे जाऊ दिले नाही. १९८५ च्या डॅलस अधिवेशनाला पंचेचाळीस हजारांहून अधिक प्रतिनिधी लोटले होते. बसगाड्या भरभरून मंडळ्या आल्या होत्या, कारण दोन्ही बाजूंना कळले होते की मोजणीत एकेक मत लागणार आहे. १९९० मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे मवाळ गटाचा उमेदवार पुन्हा पडला आणि पुढच्याच वर्षी त्या गटाने आपली वेगळी फेलोशिप उभी केली. १९९४ मध्ये टेक्सासमधील साउथवेस्टर्न सेमिनरीचे अध्यक्ष रसेल डिल्डे यांना विश्वस्तांनी काढून टाकले, तेव्हा ते आपल्या कार्यालयाकडे परतेपर्यंत तेथील कुलुपे बदललेली होती.

या बंडामागची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. आपण अर्पणाचा पैसा पाठवतो आणि ज्या सेमिनऱ्या त्यावर चालतात त्या पवित्र शास्त्राच्या प्रमाणतेविषयी आपल्याला न पटणारे शिकवतात, हे साध्या सभासदांचे दुखणे खरे होते आणि त्यांना ते सभेत मांडण्याचा हक्क होता. परंतु एवढी उलथापालथ होऊनही एकाही मंडळीची स्वायत्तता कागदावर कमी झाली नाही, तिच्या इमारतीला कोणी हात लावला नाही. बदलली ती फक्त नेमणूक करणारी माणसे, आणि त्यांच्यामागून शिक्षक, अभ्यासक्रम, पुढच्या पिढीचे पाळक व २००० साली विश्वासाचे निवेदनही बदलले. म्हणून नेतृत्वाच्या वादात मी व्यासपीठावरची भाषणे ऐकण्याआधी समित्यांवर कोण नेमतो ते पाहतो, आणि आपणही तसेच पाहावे असे सुचवतो.

प्रश्न : हे सारे ख्रिस्ती मासिकात छापून आपण मंडळीची बदनामी करीत नाही काय? इतर धर्मीय लोक वाचतात. घरातले घरातच राहावे.
(एक वडील, पिंपरी)

उत्तर : आपली कळकळ मी समजू शकतो, अल्पसंख्य समाजाला आपल्या नावाची काळजी जास्त असते. तरी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून पाहावा. रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक भाषा बोलणाऱ्या, विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर पहिल्याच मंडळीत झाली, आणि पवित्र शास्त्राने ती जगाला वाचायला ठेवली. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. सर्व शिष्यांना बोलावले आणि सात माणसे निवडण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे हेल्लेणी आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांच्यातलेच लोक वाटणीवर नेमले गेले, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात आणि मलाही ते पटते.

सदर्न बॅप्टिस्टांनी आपल्या स्थापनेतील गुलामगिरीच्या पापाची कबुली १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी, ठराव करून दिली. २०१२ मध्ये फ्रेड ल्यूटर हे त्यांचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्या कबुलीने संघाची अप्रतिष्ठा झाली असे मला वाटत नाही. ती दीडशे वर्षे आली नाही, हे मात्र लाजिरवाणे होते.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी एका मंडळीत संडे स्कूल शिकवते. एका स्वयंसेवकाने एका मुलीशी गैरवर्तन केल्याची तक्रार तिच्या आईवडिलांनी कमिटीकडे केली. कमिटीने मत्तय १८ प्रमाणे आपसांत मिटवा असे सांगितले आणि त्याला दुसरी मंडळी शोधायला सुचवले. तो आता दुसरीकडे मुलांमध्येच काम करतो. त्या मंडळीला कळवा असे मी म्हटले तेव्हा उत्तर मिळाले की प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, त्यांच्या कारभारात आपण पडू नये. अमेरिकेतही असेच घडले काय? मी काय करावे?
(एक भगिनी, वानवडी)

उत्तर : भगिनी, आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याला उशीर चालणार नाही. तक्रार लैंगिक स्वरूपाची असेल आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हा प्रकार माहीत आहे अशा प्रत्येक व्यक्तीने तो स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. यातून पाळक, कमिटीचे सभासद किंवा आपण स्वतः कोणीही सुटत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलीच्या आईवडिलांशी बोला, त्यांच्यासोबत जा, आणि तक्रार दिल्याची पोच जपून ठेवा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. तेथूनही मार्गदर्शन मिळेल. मुलीचे नाव मंडळीत किंवा बाहेर कोणाच्याही कानी पडणार नाही याची दक्षता घ्या. कमिटीचा ठराव, पाळकांची परवानगी किंवा आपसांतील समझोता यांची यासाठी गरज नाही, आणि त्यांनी हे कर्तव्य संपतही नाही.

अमेरिकेत काय झाले ते आता सांगतो, कारण आपल्या कमिटीने दिलेले उत्तर तेथे अगदी त्याच शब्दांत दिले गेले होते. दोषी पाळक एका गावची मंडळी सोडून दुसऱ्या गावी नव्याने नेमले जातात, हे पीडित स्त्रिया अनेक वर्षे सांगत होत्या. २००७ च्या अधिवेशनात वेड बर्लेसन या पाळकांनी सूचना मांडली की अशा व्यक्तींची सर्व मंडळ्यांना पाहता येईल अशी यादी करता येते का, याचा अभ्यास व्हावा. २००८ मध्ये कार्यकारी समितीने उत्तर दिले की मंडळ्या स्वायत्त असल्याने संघाला अशी यादी ठेवता येणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी शोध घेऊन छापले की वीस वर्षांत सुमारे ३८० पाळक, कर्मचारी आणि स्वयंसेवकांवर आरोप झाले होते आणि पीडितांची संख्या सातशेहून अधिक होती. तरीही कार्यकारी समितीच्या पुढाऱ्यांनी हात झटकले. मग २०२१ मध्ये नॅशव्हिल येथे साध्या प्रतिनिधींनीच अधिवेशनात ठराव आणून कार्यकारी समितीची स्वतंत्र चौकशी लादली. चौकशी करणाऱ्यांना समितीने वकिलांशी केलेला गोपनीय पत्रव्यवहार दाखवावा की नाही, यावरून समितीत आठवडेच्या आठवडे भांडण झाले. अखेर तो दाखवण्याचे ठरले तेव्हा समितीचे अध्यक्ष रॉनी फ्लॉइड यांच्यासह अनेकांनी पद सोडले.

चौकशीचा अहवाल मे २०२२ मध्ये आला. यादी ठेवता येणार नाही असे जाहीरपणे सांगणाऱ्या त्याच कार्यालयात एक कर्मचारी वर्षानुवर्षे आरोपींची यादी ठेवत होता; तिच्यात सातशेहून अधिक नावे होती आणि ती कोणत्याही मंडळीला दाखवली गेली नव्हती. म्हणजे मंडळ्यांना सावध करताना स्वायत्तता आड येत होती. कोर्टकचेरीपासून संघाला वाचवायचे असेल तेव्हा मात्र माहिती जमवण्यास कशाचीच अडचण नव्हती. हे वाचून मला जो संताप आला तो मी येथे सौम्य करून लिहू इच्छित नाही. ज्या तत्त्वासाठी हेल्विस तुरुंगात गेले, ते तत्त्व लेकरांवर अत्याचार करणाऱ्याला वाट करून देण्यासाठी वापरले गेले.

त्यानंतर ॲनहाइम येथील अधिवेशनाने सुधारणांना मंजुरी दिली, कार्यगट नेमला, नावे पाहता येतील असे संकेतस्थळ उभारण्याचे ठरले. २०२४ मध्ये कार्यगटाची मुदत संपली तेव्हा त्या संकेतस्थळावर एकही नाव प्रसिद्ध झालेले नव्हते. विम्याची, निधीची आणि कायदेशीर जबाबदारीची अडचण पुढे करण्यात आली. सभेने ठराव केला म्हणजे सुधारणा झाली असे नसते, हे यातून कळते. ठराव ज्यांच्या हाती अंमलबजावणीसाठी जातो त्यांना पुढच्या सभेत कोणी विचारते की नाही, यावर बरेच अवलंबून असते. काही वेळा असे विचारलेही गेले आहे. वर उल्लेख केलेले पेज पॅटरसन यांना २०१८ मध्ये विद्यार्थिनीची तक्रार ज्या प्रकारे हाताळली गेली त्यावरून आणि मारहाण सोसणाऱ्या पत्नींना दिलेल्या सल्ल्यावरून सेमिनरीचे अध्यक्षपद सोडावे लागले, आणि त्यांना दूर करणारे विश्वस्त त्यांनीच वापरून घेतलेल्या नेमणुकीच्या साखळीतून आलेले होते.

राहिला मत्तय १८. ‘तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याला एकांती सांग’ हे वचन बरोबरीच्या दोन विश्वासणाऱ्यांसाठी आहे. नऊ वर्षांच्या मुलीने पस्तिशीच्या पुरुषाशी एकांतात बोलून मिटवावे असा त्याचा अर्थ करणे म्हणजे वचनाची विटंबना आहे. शिवाय त्याच अध्यायात, काहीच ओव्या आधी, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे प्रभू म्हणतो. कमिट्या तेथून वाचायला सुरुवात करीत नाहीत. दुसरे वचन हमखास पुढे येते ते तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय ५ मधील: दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलावरील आरोप मनावर घेऊ नये. ती १९ वी ओवी झाली. जे पाप करतात त्यांचा सर्वांसमक्ष निषेध कर, म्हणजे इतरांनाही भीती वाटेल, ही २० वी ओवी मी कोणत्याही कमिटीच्या इतिवृत्तात उद्धृत झालेली पाहिलेली नाही. दुसऱ्या मंडळीला कळवणे हा तिच्या कारभारात हस्तक्षेप होत नाही. काय करायचे ते ती मंडळी स्वतः ठरवील. पण ठरवण्यासाठी तिला माहिती हवी, आणि ती देण्यापासून आपल्या कमिटीला कोणतेही बॅप्टिस्ट तत्त्व अडवत नाही. मात्र पोलिसांकडे तक्रार आधी, मंडळीला पत्र नंतर.

प्रश्न : मी धर्मशिक्षण घेत आहे. माझ्या वर्गात ईशान्य भारतातील बॅप्टिस्ट मुली आहेत आणि अभ्यासात त्या आमच्यापुढे आहेत. अमेरिकेत स्त्री पाळक असलेल्या मंडळ्यांना संघाबाहेर काढतात. स्वायत्त मंडळीने आपला पाळक कोण हे ठरवायचे नाही, तर काय ठरवायचे?
(एक विद्यार्थी, बिबवेवाडी)

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे. सदर्न बॅप्टिस्टांच्या २००० सालच्या निवेदनात पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित केले गेले. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या फार मोठ्या मंडळीने २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला संघाबाहेर ठरवण्यात आले, आणि त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्सच्या अधिवेशनात तिचे अपील फेटाळले गेले. तिच्या बाजूने तिचे संस्थापक पाळक रिक वॉरन स्वतः बोलले, तरी दहापैकी जवळजवळ नऊ मते विरोधात पडली. त्यानंतर पुरुषांनाच पाळक मानणाऱ्या मंडळ्या तेवढ्या संघात राहतील, असा नियम थेट संघाच्या घटनेत घालण्याची दुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन अधिवेशनांत दोन-तृतीयांश मते लागतात. २०२३ मध्ये ती मिळाली. २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथे सुमारे ६१ टक्केच मते पडली, २०२५ मध्ये डॅलसलाही जवळपास तितकीच, आणि दुरुस्ती पडली. विरोधात मत देणारे बहुतेकजण स्त्री पाळकांचे पुरस्कर्ते नव्हते; असलेले नियम पुरेसे आहेत आणि संघाने मंडळ्यांच्या नेमणुका तपासत बसू नये, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे होते.

कोणाबरोबर सहकार्य करायचे हे ठरवण्याचा हक्क संघालाही आहे, हे मान्य करावे लागते. तोही स्वेच्छेनेच बनलेला असतो. मला खटकते ते वेगळेच. स्त्रीला व्यासपीठावर उभे करणाऱ्या मंडळीला दोन वर्षांच्या आत बाहेर काढण्याची यंत्रणा संघाला सापडली, आणि अत्याचारी पाळकाला आश्रय देणाऱ्या मंडळीविषयी मात्र स्वायत्ततेमुळे काही करता येत नाही असे त्याच संघाने वर्षानुवर्षे सांगितले. २०१९ नंतर अशा मंडळ्यांविरुद्धही नियम झाले, काही मंडळ्या बाहेर काढल्याही गेल्या. पण आधी जोर कशावर होता, ते विसरता येत नाही.

बॅप्टिस्ट म्हणजे सदर्न बॅप्टिस्टच असे मानू नये. ब्रिटनच्या बॅप्टिस्ट युनियनमध्ये १९२० च्या दशकापासून स्त्रिया पाळक आहेत. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालचे बिशपपद दिले. आणि पुण्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले, हजारो मुलींचा संसार सांभाळला, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि विलायतेतील धर्मबंधूभगिनींनी त्यांच्या विवेकबुद्धीवर अधिकार गाजवू पाहिला तेव्हा तो स्पष्टपणे नाकारला. रमाबाई बॅप्टिस्ट नव्हत्या, पण देवापुढे स्वतःच्या विवेकाने उभे राहण्याचा बॅप्टिस्ट आग्रह त्यांच्या पत्रांत जितका दिसतो तितका फार थोड्या पुरुष पाळकांच्या लिखाणात दिसतो. स्त्रीला पाळकपद देण्यास माझे अनुकूल मत आहे. आपल्या मंडळीचे ते नसेल, तर सभेत ते शास्त्राधार देऊन मांडा, आणि आपल्या वर्गभगिनींना स्वतःचे म्हणणे स्वतः मांडू द्या.

प्रश्न : आमच्या मंडळीची कमिटी बारा-पंधरा वर्षे तीच आहे. मिशनच्या काळातील जागा आहे, ती बिल्डरला देण्याची कुजबुज ऐकू येते. हिशेब मागितला तर ‘आपण बॅप्टिस्ट, आपल्यावर बिशप नाही, तुम्ही कोणाकडे जाणार?’ असे विचारतात. खरेच कोणाकडे जावे?
(एक सभासद, पुणे कॅम्प)

उत्तर : जागेवरून भांडण हे बॅप्टिस्टांना भारतात पाऊल ठेवल्यापासून परिचयाचे आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश देणाऱ्या मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरलाही ते चुकले नाही. तेथील इमारती मिशनऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतल्या होत्या. १८१५ मध्ये इंग्लंडमधील बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर वारल्यावर नव्या कमिटीने त्यांच्या मालकीवर आणि कारभारावर हक्क सांगितला, तरुण मिशनरी कलकत्त्याला वेगळे झाले, आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर व लंडनची सोसायटी यांची ताटातूट झाली. कॅरी १८३४ मध्ये वारले तेव्हाही ती मिटलेली नव्हती. एकोपा १८३७ मध्ये झाला. दोन्हीकडे देवभीरू माणसे होती. कागद मात्र सुरुवातीलाच नीट केलेले नव्हते.

आपल्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर बिशप नसला तरी धर्मादाय आयुक्त आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हिशेब ठेवून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. गैरकारभार सिद्ध झाला तर कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येते. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा उत्तर भारतातील काही बॅप्टिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. आपली मंडळी त्यांपैकी आहे की बाहेर राहिलेली, हे आधी पाहा. कारण २०१३ मध्ये गुजरातमधील ब्रदरन मंडळ्यांच्या अशाच विलीनीकरणावरील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने एका न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची प्रक्रिया पुरी व्हावी लागते.

वार्षिक सभा कशी होते तेही आठवून पाहा. रविवारची उपासना संपलेली असते, मुले बाहेर खेळत असतात, मागे चहाची किटली येऊन ठेपलेली असते. खजिनदार उभ्याउभ्या आकडे वाचून दाखवतात, कोणाच्या हातात कागद नसतो, पुढच्या बाकावरून ‘मंजूर’ असा आवाज येतो, चार हात वर होतात आणि शेवटची प्रार्थना सुरू होते. बारा-पंधरा वर्षे तीच कमिटी अशाच सभांतून टिकते. तेव्हा सभेच्या आठवडाभर आधी ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवाल छापून प्रत्येक सभासदाला मिळावा, आणि निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी, एवढ्या दोन मागण्या लेखी, जमतील तितक्या सह्यांनिशी द्या आणि पोच घ्या. बिल्डरच्या कुजबुजीवर तूर्त सभेत बोलू नका. आधी पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून न्यासाच्या नोंदीचा, म्हणजे पीटीआरचा, उतारा काढा. विश्वस्त म्हणून आज कोणाची नावे आहेत आणि जागा कोणाच्या नावावर आहे, हे त्यात दिसेल. कित्येकदा त्यात दिवंगत झालेल्यांचीच नावे आढळतात, आणि तसे असेल तर सध्याची कमिटी कोणत्या अधिकाराने सह्या करते, हा सभेतला पहिला प्रश्न असू द्या.